बांडाचे जायफळ

पाडव्याच्या श्रीखंडात किसून घातलेले जायफळ कोठून आले, हा प्रश्न जेवणाऱ्या पंक्तीस सहसा पडत नाही. बाळगुटीच्या सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग यांच्या मागोमाग तेही दोन वळसे उगाळले जाते. पुरणात पडते, बासुंदीत पडते, झोप न येणाऱ्याच्या कपाळावर लेप होऊन बसते. ते आपल्या घरात इतके रुळले आहे की ते मूळचे परदेशचे, असे सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. संस्कृत वैद्यकाने त्यास 'जातिफल' म्हटले आणि मराठीने त्याचे जायफळ केले. तथापि ज्या झाडाचे हे बी, ते झाड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दूर पूर्वेकडील बांडा नावाच्या चिमुकल्या बेटांखेरीज कोठेही व्यापाराजोगे पिकत नसे. आमच्या सह्याद्रीच्या रानात रामपत्री नावाचे त्याचे एक भावंड आहे. परंतु त्यास तो सुवास नाही. शेकडो वर्षे आपल्या देशातील प्रत्येक जायफळ समुद्र ओलांडून आले, आणि त्या समुद्रापलीकडे त्याच्यापायी काय घडले, याची वार्ता मात्र त्याच्याबरोबर आली नाही.

ती वार्ता शोधण्याची बुद्धी आम्हांस एका विद्यार्थिनीमुळे झाली, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. आम्ही कित्येक वर्षे महाविद्यालयात युरोपच्या सागरी पराक्रमाचा काळ शिकवीत आलो. कोलंबसाची तीन जहाजे, वास्को द गामाची कालिकतची वारी, मॅगेलनच्या तांड्याची पृथ्वीप्रदक्षिणा, हे सर्व वर्गात रंगते. पुढे १६६७ चा ब्रेडाचा तह येतो. वलंदेज, म्हणजे हॉलंडचे डच लोक, आणि इंग्रज यांच्यात हा तह झाला. ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडे राहावे, असे त्यात ठरले. त्यामुळे बांडांपैकी रून नावाचे दोन मैल लांबीचे बेट वलंदेजांकडे राहिले आणि अमेरिकेतील मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिले. एका मुठीएवढ्या जायफळाच्या बेटापायी वलंदेजांनी आजचे न्यूयॉर्क गमावले, असे आम्ही गमतीने सांगत असू व वर्ग हसत असे. एका वर्षी मागच्या बाकावरील मुलीने विचारले, "पण सर, त्या बेटावर राहणारी माणसे कोणाच्या बाजूची होती?" त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

जावा आणि सेलेबीस ओलांडून पूर्वेकडे गेले असता सेराम नावाचे मोठे बेट लागते. त्याच्या दक्षिणेस खोल समुद्रात दहा-अकरा बेटांचा एक पुंजका आहे. तीच बांडा बेटे. त्यांतील एक जिवंत ज्वालामुखी आहे. सर्वांत मोठे लोन्थोर, तेही साताठ मैलांहून लांब नाही. नैरा, आय, रून ही त्याहूनही लहान. ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेल्या या उतारांवर उंच वृक्षांच्या सावलीत जायफळाची झाडे वाढतात. जर्दाळूएवढे पिवळे फळ पिकले म्हणजे आपोआप उलते. आत लालभडक जाळी दिसते, ती जायपत्री. जाळीखाली कवच, आणि कवचात जायफळ. एका फळातून दोन मोलवान जिनसा निघाव्यात, असा हा निसर्गाचा विलक्षण औदार्ययोग. या औदार्यानेच पुढे त्या लोकांचा घात केला.

बांडात राजा नव्हता. गावोगावचे वडीलधारे, मलाय भाषेत ज्यांस 'ओरांग काया' म्हणजे श्रीमंत माणसे म्हणत, ते एकत्र जमून कारभार पाहत. तेथे भात पिकत नसे. जावाचे व्यापारी तांदूळ आणीत, शेजारच्या बेटांवरून साबूदाण्यासारखा सागो येई, आणि मलाक्काच्या बाजारातून खंबायतचे कापड येई. या सर्वांच्या बदल्यात जायफळ व जायपत्री जाई. बांडाचे लोक स्वतःही आपल्या गलबतांतून मलाक्कापर्यंत व्यापारास जात. अशा रीतीने गुजराथेतील विणकर, जावाचा शेतकरी आणि बांडाचा बागवान हे एकमेकांस न पाहता एकमेकांवर जगत होते. ही व्यवस्था साधूंची नव्हती. तीत भांडणे होती, फसवणूक होती, गुलामही होते. परंतु तीत एक गोष्ट पक्की होती: विकणाऱ्यास अनेक गिऱ्हाइके होती आणि घेणाऱ्यास विकणारा जिवंत हवा होता.

१५११ साली अल्बुकर्कने मलाक्का घेतले आणि पुढील वर्षाच्या आरंभी फिरंग्यांची जहाजे बांडास पोचली. त्यांनी जायफळ विकत घेतले, दर ओरबाडला, परंतु या बेटांवर त्यांचा पाय कधी घट्ट रोवला गेला नाही. मसाल्याच्या मार्गाची माहिती मात्र त्यांनी ऐंशी वर्षे गुपित ठेवली. ते गुपित फुटले ते आमच्या शेजारच्या गोव्यात. लिन्सखोटेन नावाचा एक वलंदेज तरुण १५८३ पासून सुमारे पाच वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. कागद हाताळता हाताळता त्याने मार्ग, वारे, बंदरे, भाव हे सर्व टिपून घेतले आणि मायदेशी परतल्यावर १५९६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच सुमारास वलंदेजांच्या पहिल्या मोहिमा पूर्वेकडे निघाल्या. १५९९ साली हीम्सकर्क नावाचा कप्तान दोन जहाजे घेऊन बांडास आला. लोकांनी त्याचे स्वागतच केले; फिरंग्यांचा शत्रू तो आपला मित्र, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

येथे वलंदेजांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. नाहीतर पुढील कथेचे मर्म हाती लागणार नाही. हे राष्ट्र त्या काळी युरोपातील दलितांचे आशास्थान होते. स्पेनच्या राजाचा जुलूम झुगारून त्यांनी १५६८ पासून स्वातंत्र्याचे युद्ध मांडले होते. ते ऐंशी वर्षे चालले. धर्मासाठी छळलेले लोक त्यांच्या शहरांत आसरा घेत. अशा या लोकांनी १६०२ साली निरनिराळ्या व्यापारी मंडळ्या एकत्र करून संयुक्त ईस्ट इंडिया कंपनी स्थापिली. भांडवल चौसष्ट लाख गिल्डरांच्या घरात गेले. केप ऑफ गुड होपच्या पूर्वेस तह करण्याचा, किल्ले बांधण्याचा, फौज ठेवण्याचा आणि लढाई करण्याचा अधिकार सरकारी सनदेने तिला मिळाला. ॲमस्टरडॅमच्या एकट्या शाखेत ११४३ लोकांनी भाग घेतले. त्यांत मोठे सावकार होते, तशा घरकाम करून चार पैसे साठविलेल्या मोलकरणीही होत्या. राजाच्या हातची तलवार आता दुकानदाराच्या हाती आली, आणि दुकानाचे मालक हजारो झाले.

या कंपनीस वकीलही तसाच नामांकित लाभला. बांडास येऊन गेलेल्या त्याच हीम्सकर्कने १६०३ साली सिंगापूरजवळ फिरंग्यांचे एक गडगंज जहाज पकडले. ते पकडणे न्याय्य कसे, हे सिद्ध करण्याचे काम ह्यूगो ग्रोशियस नामक तरुण विद्वानाकडे आले. त्याच्या त्या विवेचनाचा एक भाग १६०९ साली लेखकाच्या नावाशिवाय 'मुक्त सागर' या अर्थाच्या लॅटिन शीर्षकाखाली बाहेर पडला. समुद्र वाऱ्यासारखा आहे, तो कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही. हवे त्याच्याशी व्यापार करण्याचा हक्क सर्व मानवांस आहे. पोपने आपल्या मालकीची नसलेली पृथ्वी १४९३ मध्ये स्पेन व पोर्तुगाल यांस वाटून दिली म्हणून ती त्यांची होत नाही. पूर्वेकडील लोकांस स्वतःचे राज्य आहे, मालमत्ता आहे, आणि कोणी त्यांस 'शोधले' म्हणून ते त्याचे अंकित होत नाहीत. हा सर्व युक्तिवाद आजही अंतःकरणास भिडतो. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात त्याचे स्थान अढळ आहे, आणि आम्हीही तो वर्गात मोठ्या प्रेमाने शिकविला आहे. फक्त त्याच १६०९ साली बांडात काय चालले होते, ते त्याच्या शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

आता बांडाकडे येऊ. कंपनीच्या माणसांनी १६०२ पासून काही ओरांग कायांकडून करार लिहून घेतले होते. सर्व जायफळ वलंदेजांसच विकावे, दुसऱ्या कोणासही देऊ नये. त्याबद्दल वलंदेजांनी फिरंग्यांपासून त्यांचे रक्षण करावे. कागद वलंदेजांनी लिहिला; सह्या काहींनी केल्या, काहींनी केल्या नाहीत. कागदास अर्थ मात्र दोन होते. वलंदेजांच्या मते तो कायमचा मक्ता होता. बांडाच्या लोकांच्या मते ती पाहुण्याशी केलेली सलोख्याची बोली होती. तीपायी तांदूळ घेऊन येणाऱ्या जावाच्या गलबतास हाकलून देणे म्हणजे स्वतः उपाशी मरणे. वलंदेज बरोबर आणीत ते जाड लोकरीचे कापड; विषुववृत्ताजवळच्या उष्ण बेटावर ते पांघरणार कोण? तेव्हा लोक पूर्वीप्रमाणेच ज्याला त्याला जायफळ विकीत राहिले, आणि कंपनीच्या वहीत प्रत्येक विक्रीची नोंद करारभंग म्हणून होऊ लागली.

१६०९ साली फरहूफेन नावाचा सरदार मोठे आरमार घेऊन आला आणि त्याने नैरा बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले. ओरांग कायांनी त्यास बोलणी करण्यासाठी एका झाडीत बोलावले आणि तेथे त्याचा व त्याच्याबरोबरच्या सुमारे चाळीस माणसांचा घात केला. ही गोष्ट विश्वासघाताची होती, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. दुबळ्याची बाजू घेणाऱ्या इतिहासकाराने दुबळ्याचे अपराध गाळले, तर त्याच्या लेखनास वकिलीची कळा येते. परंतु मोबदल्यात जे झाले ते अपराधाच्या प्रमाणात झाले काय, हाच येथे प्रश्न आहे. त्या आरमारात बावीस वर्षांचा एक कनिष्ठ व्यापारी कारकून होता. त्याचे नाव यान पीटरझोन कून. तो दिवस तो विसरला नाही.

पुढील दहा वर्षे जुलमाची आणि झटापटीची गेली. १६१५ साली आय बेटावरील स्वारी लोकांनी परतविली. १६१६ साली वलंदेजांनी ते बेट घेतलेच आणि तेथे उभारलेल्या किल्ल्यास 'सूड' अशा अर्थाचे नाव दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रज कंपनीचा कोर्टहोप रून बेटावर उतरला. लोकांनी बेट इंग्लंडच्या राजास लिहून दिले. वलंदेजांच्या जाचातून सुटण्यास दुसरा टोपीकर हाताशी धरणे, हा आपल्याकडील संस्थानिकांनीही पुढे करून पाहिलेला उपाय त्यांनी केला. कोर्टहोप मूठभर माणसांनिशी जवळजवळ चार वर्षे टिकला व १६२० साली मारला गेला. मध्यंतरी, १६१३ मध्ये, लंडनला दोन्ही कंपन्यांच्या वतीने वाटाघाटी झाल्या. वलंदेजांच्या वकिलांत खुद्द ग्रोशियस होता. इंग्रजांनी 'मुक्त सागर' या निनावी ग्रंथातील प्रमेये त्याच्यापुढे टाकली आणि विचारले, की समुद्र जर सर्वांचा, तर मसाल्याच्या बेटांशी आम्ही व्यापार का करू नये? त्यावर वलंदेजांचे म्हणणे असे पडले, की समुद्र मुक्त आहे खरा, परंतु त्या लोकांनी आमच्याशी करार केला आहे आणि करार पाळला गेला पाहिजे. मुक्त व्यापाराचा अर्थ ज्याला त्याला मुक्त व्यापार असा नसून, एकदा आमच्याशी बांधला गेलेला विक्रेता आमच्यापासून मुक्त नाही असा निघाला. तत्त्व तेच होते. ते उच्चारणाराही तोच होता. मध्ये केवळ जायफळाचा ताबा आला होता.

कून आता गव्हर्नर जनरल झाला होता. युद्धावाचून व्यापार नाही आणि व्यापारावाचून युद्ध नाही, असे त्याने १६१४ सालीच आपल्या संचालकांस लिहून कळविले होते. १६१९ साली जावातील जाकार्ता जाळून त्याने तेथे बटाव्हिया वसविले. १६२१ च्या फेब्रुवारीत तो तेरा मोठी जहाजे, सोळाशेहून अधिक गोरे शिपाई आणि ऐंशीच्या वर जपानी भाडोत्री सैनिक घेऊन बांडास आला. मार्चमध्ये लोन्थोरवर हल्ला झाला व थोड्याच दिवसांत बेट पडले. ओरांग कायांनी शरणागती पत्करली, शस्त्रे दिली, मुले ओलीस दिली, जायफळाचा ठरावीक वाटा देण्याचे कबूल केले. येथे युद्ध संपावयास हवे होते. परंतु कूनला पराभूत लोक नको होते. त्याला रिकामी बेटे हवी होती.

निमित्त एका दिव्याचे झाले. नव्या वलंदेज गव्हर्नराने सेलामन गावातील मशीद आपल्या मुक्कामासाठी घेतली होती. एप्रिलमधील एका रात्री तेथील टांगलेला दिवा खाली पडला. झोपेतून दचकून उठलेल्या गव्हर्नरास हा बंडाचा इशारा वाटला. गावकऱ्यांस यातना देऊन कटाच्या कबुल्या घेण्यात आल्या, आणि मग गावेच्या गावे जाळण्यात आली. सुमारे आठशे बायकापुरुष व मुले गलबतांत भरून बटाव्हियास गुलाम म्हणून नेली. ८ मे रोजी चव्वेचाळीस ओरांग काया किल्ल्याबाहेरील बांबूच्या कोंडवाड्यात उभे करण्यात आले व जपानी तलवारींनी त्यांची मुंडकी उडविण्यात आली. तेथे हजर असलेल्या एका वलंदेज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, खरे कोणाचे ते देवच जाणे, परंतु पाहणारे आम्ही सर्वजण सुन्न झालो. डोंगरात पळालेल्यांची रसद तोडण्यात आली. पुष्कळ भुकेने मेले, कित्येकांनी कड्यांवरून उड्या घेतल्या, काही होड्यांतून सेराम, मकासर व कै बेटांकडे निसटले. मोहिमेपूर्वी बांडाची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती, असा अंदाज आहे. मोहिमेनंतर मूळचे लोक हजाराच्या घरात उरले.

वाचकांनी येथे एक मेळ ध्यानात घ्यावा. वलंदेज व स्पेन यांच्यात १६०९ साली बारा वर्षांचा तह झाला होता. त्याची मुदत १६२१ च्या एप्रिलमध्ये संपली आणि वलंदेज पुन्हा आपल्या स्वातंत्र्याच्या लढाईस सिद्ध झाले. ज्या महिन्यात युरोपात त्यांनी स्वातंत्र्याचे निशाण पुन्हा उचलले, त्याच महिन्यात बांडात त्यांच्या माणसांनी गावे पेटविली.

यावर आमच्या सुशिक्षित मित्रांकडून एक उत्तर ठरलेले मिळते: त्या काळचा न्यायच तसा होता; आजच्या मापाने काल मोजू नये. हे म्हणणे आम्हीही अनेकदा केले आहे आणि पुष्कळ प्रसंगी ते योग्यही असते. परंतु बांडाच्या बाबतीत ते टिकत नाही, कारण त्या काळच्याच माणसांनी त्या काळच्याच मापाने या कृत्यास दोष दिलेला आहे. कूनच्या आधीचा गव्हर्नर जनरल रेआल याने या सक्तीच्या धोरणाविरुद्ध संचालकांस परोपरीने लिहिले होते. कंपनीच्या चाकरीत राहिलेल्या खायसेल्स नामक गृहस्थाने तर स्पष्ट म्हटले, की आपण जसे इतकी वर्षे आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी प्राण व वित्त वेचले, तसेच हे लोक आपल्या भूमीसाठी लढले. याहून चोख निवाडा आज आम्ही काय देणार? तात्पर्य, न्याय काय हे त्या काळी ठाऊक नव्हते असे नाही. ते ठाऊक असून वहीच्या दुसऱ्या बाजूस लिहिले गेले. संचालकांनी कूनला लिहिले की, हे अधिक सौम्यपणे करता आले असते तर बरे होते. आणि त्याबरोबर त्यास बक्षीसही दिले.

आम्हांस या सर्व प्रकरणात अत्यंत भयंकर वाटते ते हे पत्र. कूनचा क्रोध समजू शकतो. सूडबुद्धी माणसाच्या ओळखीची आहे. परंतु ॲमस्टरडॅमच्या मेजाभोवती बसलेल्या त्या सतरा संचालकांचा कोणावरही राग नव्हता. भाग घेतलेल्या त्या मोलकरणीने तर बांडाचे नावही ऐकले नसेल. पूर्वी राजा जुलूम करी, तेव्हा जुलमाला एक चेहरा असे. प्रजा त्यास शाप देऊ शके, आणि केव्हा तरी त्याच्या मनास पश्चात्तापही शिवे. कंपनीने हा चेहराच पुसून टाकला. सैनिकाने हुकूम पाळला, गव्हर्नराने संचालकांचे हित पाहिले, संचालकांनी भागधारकांचे हित पाहिले, भागधारकांनी आपल्या लेकरांचे हित पाहिले. पाप हजार वाट्यांनी वाटले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास इतके थोडे येते, की ते धुण्यास कोणालाही गंगेवर जावे लागत नाही.

रिकाम्या झालेल्या भूमीचे कंपनीने अडुसष्ट तुकडे पाडले आणि ते वलंदेज मळेवाल्यांस दिले. मळेवाल्याने सर्व माल ठरलेल्या भावाने कंपनीसच द्यावा, आणि कंपनीने त्यास तांदूळ व गुलाम पुरवावेत, अशी व्यवस्था झाली. हे गुलाम आशियाच्या नाना किनाऱ्यांवरून आणले गेले. परंतु जायफळाचे झाड नाजूक. त्याची निगा कशी राखावी हे या नवागतांस कळेना. तेव्हा बटाव्हियास नेलेल्या बांडाच्या लोकांपैकी काहींस परत आणावे लागले, आपल्याच बागा परक्यांस शिकविण्यासाठी, गुलाम म्हणून. बी अन्यत्र रुजू नये यासाठी जायफळे चुन्यात घोळून बाहेर पाठवीत. १७६० साली ॲमस्टरडॅम येथे मसाल्यांच्या राशी मुद्दाम जाळण्यात आल्या. भाव पडू नये एवढ्याचसाठी. ज्यासाठी माणसे मारली, तेच शेवटी फार झाले म्हणून जाळले.

या व्यापाराचा ओघ आपल्या किनाऱ्यावरूनही वाहत होता. सुरतेच्या वलंदेज वखारीत जायफळ व लवंग विकली जाई. १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्यास त्यांची वखार झाली. तिची पडकी इमारत आजही तेथे उभी आहे. तेथील वलंदेजांच्या पत्रव्यवहाराचा शिवकालाच्या अभ्यासकांस मोठा उपयोग झाला आहे. वेंगुर्ल्यात किंवा सुरतेत वलंदेज तसे वागले नाहीत, कारण तेथे त्यांस तसे वागता येत नव्हते. येथे आदिलशाही होती, मोगल होते, पुढे महाराज होते. तीच कंपनी, तीच सनद, तीच माणसे. परंतु समोर बळ असले म्हणजे ती व्यापारी आणि समोर दुबळा असला म्हणजे ती यम. साम्राज्याचा स्वभाव काय याचा शोध साम्राज्यकर्त्यांच्या रक्तात किंवा धर्मात करण्यापेक्षा या फरकात करावा, असे आमचे मत आहे.

मक्ता अखेर तुटला. १७७० साली प्वाव्र नावाच्या फ्रेंचाने जायफळाची रोपे चोरून मॉरिशसला नेली. वलंदेज कंपनी कर्जात व भ्रष्टाचारात बुडून १७९९ च्या अखेरीस संपली. फ्रेंच युद्धांच्या काळात इंग्रजांनी बांडा दोनदा घेतले व रोपे पेनांग, सुमात्रा, सिंहलद्वीपाकडे नेली. पुढे वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटात त्यांचा असा प्रसार झाला, की १९७४ साली स्वतंत्र झालेल्या त्या देशाच्या निशाणावर आज जायफळाचे चित्र आहे. कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांतही आता जायफळ होते. ज्या झाडासाठी एक लोकसमूह नाहीसा केला, ते झाड दीडशे वर्षांत सर्वांच्या परसात आले. मक्ता राहिला नाही. मेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

हॉलंडमधील होर्न गावी, कूनच्या जन्मग्रामी, १८९३ साली त्याचा पुतळा उभारला गेला. तो उभारण्यापूर्वीच एका वलंदेज संशोधकाने कंपनीचे जुने कागद छापून, या नावास रक्ताचा डाग आहे, असे आपल्या देशबांधवांस बजावले होते. २०११ साली एका यारीचा धक्का लागून तो पुतळा कोसळला. तो पुन्हा उभा करावा की नाही यावर मोठा वाद झाला. अखेर उभा केला, परंतु चौथऱ्यावर बांडाच्या कृत्याचा उल्लेख असलेला नवा मजकूर बसविला. पुतळा पाडावा की ठेवावा, हा निर्णय त्या गावचा. आमच्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्या पाटीचे. आपल्या वाडवडिलांचे अपराध आपल्याच चौकात लिहून ठेवण्याचे धैर्य सर्व राष्ट्रांस येतेच असे नाही, आणि या बाबतीत इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपणही आपले चौक एकदा पाहून यावेत.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. रून व लोन्थोर येथे राहणारी माणसे कोणाच्या बाजूची होती? ती फिरंग्यांच्या बाजूची नव्हती, वलंदेजांच्या नव्हती, इंग्रजांच्याही नव्हती. इंग्रजांस त्यांनी जवळ केले ते गरजेपुरते. ज्याला हवे त्याला आपले जायफळ विकावे व सुखाने भात खावा, एवढीच त्यांची बाजू होती. ग्रोशियसने ग्रंथात लिहिलेला मुक्त सागर ते अगोदरच जगत होते. १६६७ मध्ये ब्रेडा येथे जी बेटे तहात मांडली गेली, तेथे त्यांच्यापैकी विचारावयास कोणी उरलेच नव्हते.

तरी ती सर्वस्वी पुसली गेली नाहीत. कै बेटांत पळून गेलेल्यांची दोन गावे आजही आहेत. त्यांच्या नावांत बांडा हा शब्द त्यांनी जपून ठेवला आहे, आणि खुद्द बांडात लोपलेली जुनी बांडाची भाषा तेथे चारशे वर्षांनंतरही बोलली जाते. बागा गेल्या, झाडे जगभर पांगली, कंपनी मातीस मिळाली; आयांनी लेकरांस शिकविलेली बोली तेवढी राहिली. आम्ही यंदापासून ब्रेडाचा तह शिकविताना मॅनहॅटनची गंमत सांगत नाही. प्रथम या दोन गावांची नावे फळ्यावर लिहितो: बांडा एली आणि बांडा एलात.